ओव्हेर्न्य: थिजलेल्या ज्वालामुखींचा आणि गाईंचा फ्रान्स (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चार वर्षं क्लेरमाँ-फेराँ या गावात संसार करून परत आले, तेव्हापासून ओळखीचे लोक तेच तेच प्रश्न विचारतात. कुणाची मुलगी लियोंला शिकते, कुणाला पॅरिस झाल्यावर 'अजून काहीतरी वेगळं' हवं असतं. फोनवर तेच पुन्हा पुन्हा सांगून घसा दुखायला लागला, म्हणून एकदाचं लिहून ठेवते. हे मार्गदर्शक पुस्तक नव्हे. मला जे आवडलं त्यावर जास्त लिहिलंय, बाकीचं उरकलंय.

हे ओव्हेर्न्य नकाशात सापडत का नाही?

सरकारी नकाशात शोधत असाल तर एकटं सापडणार नाही. १ जानेवारी २०१६ पासून ते ओव्हेर्न्य-रोन-आल्प नावाच्या मोठ्या प्रदेशात विलीन झालं, आणि त्या प्रदेशाची राजधानी लियों. तिथल्या म्हाताऱ्यांना हे अजून पचलेलं नाही. त्यांच्या लेखी ओव्हेर्न्य म्हणजे जुने चार जिल्हे: उत्तरेला आलिए, मध्ये प्युई-द-दोम, दक्षिणेला काँताल आणि आग्नेयेला ओत-ल्वार. फ्रान्सच्या पोटात, मासिफ साँत्राल नावाच्या डोंगराळ पठारावर हा मुलूख पसरलाय.

नाव आलं आर्व्हेर्न या गॉल जमातीवरून. त्यांचा सरदार व्हेर्सँजेतोरिक्स याने इ.स.पू. ५२ मध्ये जेर्गोव्हीच्या पठारावर ज्यूलियस सीझरला मागे हटवलं. पुढे त्याच वर्षी तो अलेसियाला हरला आणि पकडला गेला. तरी क्लेरमाँच्या चौकातला त्याचा घोड्यावरचा पुतळा पाहिला की हरल्याचं कुणाच्या गावीही नसावं असं वाटतं.

माणसं किती विरळ आहेत याचा अंदाज हवा असेल तर काँतालकडे बघा. क्षेत्रफळ सुमारे ५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकवस्ती जेमतेम दीड लाखाच्या आत.

दगड बघायला एवढ्या लांब कशाला? आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच ना?

हा प्रश्न माझ्या मामांनी विचारला आणि तोच सगळ्यात चांगला प्रश्न आहे.

आपला दख्खन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, पातळ लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्या आहेत, कडे आहेत, माथ्यावर सडे आहेत. पण चित्रातल्यासारखा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी आपल्याकडे शोधून सापडत नाही. ओव्हेर्न्यमध्ये तो आहे, एक नाही, जवळजवळ ऐंशी, एका ओळीत. या ओळीला 'शेन दे प्युई' म्हणतात. वयाने अगदी पोरसवदा: सगळे गेल्या लाखभर वर्षांतले, आणि शेवटचे काही तर दहा हजार वर्षांच्या आतबाहेर पेटलेले. म्हणजे ते पेटले तेव्हा या भागात माणसं होती. २०१८ मध्ये ही रांग आणि तिच्या पायथ्याचा लिमान्य भ्रंश हे मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले.

आणि एक उपकार आपल्यावरही आहे. हे डोंगर ज्वालामुखी आहेत हे १७५१ पर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या वर्षी जाँ-एतिएन गेतार हा निसर्गशास्त्रज्ञ इथून जात होता. घरांचे आणि रस्त्यांचे काळे दगड बघून त्याला शंका आली आणि दगड कुठून येतात ते शोधत तो व्होल्व्हिकच्या खाणीपर्यंत पोचला. पुढे १७६३ मध्ये निकोला देमारे याने इथले षटकोनी खांबांचे कातळ लाव्ह्याच्या प्रवाहाशी जोडलेले पाहिले आणि बेसॉल्ट अग्नीतून जन्मतो असं मांडलं. त्या काळी बरेच विद्वान बेसॉल्ट समुद्राच्या तळाशी साचतो असं मानत. आपल्या काळ्या कातळाचं गोत्र असं परक्या गावात ठरलं.

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. क्लेरमाँचं कॅथिड्रल पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्याच दगडाचं. १२४८ मध्ये सुरू झालेलं, जवळपास काळंशार, दोन टोकदार मनोरे (ते मात्र एकोणिसाव्या शतकातले). पावसात भिजलं की हेमाडपंती देवळासारखं चकाकतं. दगड तोच नाही. हा व्होल्व्हिकचा, बेसॉल्टचा चुलतभाऊ म्हणता येईल असा, बारीक छिद्रांचा आणि कोरायला सोपा. हो, बाटलीबंद पाण्याचं व्होल्व्हिक ते हेच गाव.

प्युई द दोमवर जायलाच हवं का? गर्दी असते म्हणे.

गर्दी असते, तरी जा. उंची १,४६५ मीटर. २०१२ पासून दातेरी रुळांची छोटी आगगाडी वर जाते. पाय धड असतील तर सेसाच्या खिंडीतून 'खेचरवाल्यांची वाट' धरा. जुनी रोमन वाट आहे, नागमोडी, तासाभराची चढण. राजगडाच्या मानाने काहीच नाही. वर रोमनांनी बांधलेल्या मर्क्युरीच्या देवळाचे अवशेष आहेत, आणि बाजूला टीव्हीचा मनोरा. हा शेजार मला अजिबात खटकला नाही. मर्क्युरी निरोप पोचवणारा देव, मनोऱ्याचंही काम तेच.

पण इथली माझी आवडती गोष्ट १९ सप्टेंबर १६४८ ची. ब्लेझ पास्काल क्लेरमाँचा, जन्म १६२३. हवेला वजन असतं तर उंचावर ते कमी भरायला हवं, असा त्याचा तर्क. तो स्वतः पॅरिसला आणि प्रकृतीने नाजूक, म्हणून मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, गळ घातली. पेरिएने सकाळी क्लेरमाँच्या एका मठाच्या बागेत नळीतला पारा मोजला, एक नळी तिथेच ठेवून एका साधूला दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला बसवलं आणि दुसरी घेऊन डोंगर चढला. माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त उतरलेला. खालच्या साधूची नळी जशीच्या तशी. मॉन्सूनच्या बातम्यांत '१००६ हेक्टोपास्कल' असं वाचता ना? त्यातला पास्काल तो हाच, आणि त्याच्यासाठी डोंगर चढणारा मेहुणा हा.

ज्यांना गर्दी नकोच त्यांनी शेजारच्या पारिऊवर जावं. त्याचं विवर म्हणजे उतरत्या हिरवळीचा कटोरा. विवराच्या कडेने सावकाश एक फेरी मारायची, बस्स.

लोणारसारखं एखादं तळं आहे का तिकडे?

दिसायला आहे, जातकुळी उलटी. बेस गावाजवळचं लाक पाव्हँ जवळजवळ गोल आहे, खोली ९० मीटरच्या वर. लोणारला ज्वालामुखीच्या खडकावर उल्का आदळली. इथे वर चढणारा लाव्हा भूजलाला भिडला, स्फोट झाला आणि खड्डा पडला. सुमारे सात हजार वर्षांपूर्वी, म्हणजे मुख्य भूमीच्या फ्रान्समधला हा सगळ्यात तरुण ज्वालामुखी. त्याचं तळाचं पाणी वरच्या पाण्यात कधीच मिसळत नाही. खाली प्राणवायू नाही. लोक म्हणत, तळ्यात दगड टाकला तर वादळ उठतं. मी टाकला नाही. मुलाने टाकला. संध्याकाळी पाऊस आला, पण तिकडे तो रोजच येतो.

कधी जावं?

हा प्रश्न सगळे विमानाच्या तिकिटासाठी विचारतात. खरं तर तो गाईंना विचारायला हवा.

या मुलखाचं वर्ष गाईंच्या पायावर चालतं. मेच्या शेवटी गुरं गोठ्यातून निघून डोंगरमाथ्यावरच्या कुरणांत चढतात. त्या उन्हाळी मुक्कामाला 'एस्तिव्ह' म्हणतात. ऑक्टोबरच्या मध्याला, थंडी चावायला लागली की उतरतात. मेच्या अखेरीस काँतालमध्ये आलाँशला आणि दक्षिणेच्या ओब्राक पठारावर गाई वर नेण्याचा उत्सव असतो. गळ्यात मोठाल्या घंटा, शिंगांत कागदाची आणि खरी फुलं, कपाळावर छोटी झाडाची डहाळी. आपल्या बैलपोळ्याची आठवण येतेच, फक्त इथे मान गाईचा. गुरं घेऊन ऋतूप्रमाणे वर-खाली करण्याची ही प्रथा २०२३ मध्ये फ्रान्सच्या नावानेही युनेस्कोच्या अमूर्त वारशात नोंदली गेली. कोकणात उतरून पुन्हा माणदेशी परतणाऱ्या आपल्या धनगरांना यात नवल वाटणार नाही.

म्हणून: मेचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध. जुलै-ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतःच सुट्टीवर असतात. हिवाळ्यात पठारावर बर्फ उडवणारं वारं सुटतं, त्याला 'एसीर' म्हणतात. चार पावलांवरचं घर दिसत नाही. तेव्हा जाण्यात अर्थ नाही. एकदा मेच्या सुरुवातीला पुढची चौकशी न करता निघालो आणि पा द पेरोल ही १,५८८ मीटरवरची खिंड बर्फाने बंद निघाली. परत फिरायला दीड तास. मुलगा म्हणाला, 'आई, गाई अजून वर गेल्या नाहीत हे बघितलं असतंस तर कळलं असतं.'

पण या गाईंचं एवढं कौतुक काय?

सालेर्स जातीची गाय पाहिल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही. सागवानी फर्निचरच्या लालसर-तपकिरी रंगाची, केसाळ, आणि शिंगं वीणेच्या कमानीसारखी बाहेर जाऊन वर वळलेली. एकोणिसाव्या शतकात तिसाँदिए देस्कू नावाच्या जमीनदाराने ही जात निवडून निवडून घडवली. सालेर्स गावाच्या चौकात त्याचा अर्धपुतळा आहे. गाईमुळे चौकात बसलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

ही गाय वासराशिवाय दूध देत नाही. वासरू आधी तोंडी लावायचं, पान्हा फुटला की ओढायचं आणि आईच्या पुढच्या पायाशी बांधायचं. मग त्याच्या पाठीवर चिमूटभर मीठ भुरभुरायचं. गाय ते चाटत राहते, धार चालू राहते. याचा व्हिडिओ आजीला दाखवला तर ती म्हणाली, 'मग त्यात काय? आपली कपिलाही असंच करायची.' युरोपातल्या दुधाच्या कारखानदारीत पान्हा ही गोष्ट केव्हाच इतिहासजमा झालीय, म्हणून तिथल्या लोकांना यात काय आहे ते आजीला समजावून सांगता येईना.

कुरणावर दगडी छपराची एकएकटी घरं दिसतात, त्यांना 'ब्युरों' म्हणतात. उन्हाळाभर तीन-चार गडी तिथे राहून चीज करत. मुख्य गवळी, त्याचा हाताखालचा, आणि गुरं राखणारं पोर. बायका नाहीत. खाली चूल आणि तळघर, वर गवतात झोपायचं, मागे डुक्करखाना, कारण दुधाची उरलेली निवळी डुकरांना. रात्री गुरं लाकडी कुडाच्या फिरत्या आवारात कोंडत आणि आवार रोज पुढे सरकवत, म्हणजे कुरणाला आपोआप शेणखत. मेंढ्या शेतात बसवण्याचा धनगरी करार डोळ्यांपुढे येतो. आता ब्युरों जवळजवळ सगळे मुके झालेत. काही ढासळले, काहींची खानावळ झाली. खानावळ झालेल्यांपैकी एखादी तरी गाठा, पण जेवणापेक्षा भिंतीची जाडी बघा.

आम्ही शाकाहारी. उपाशी राहू का?

खरं उत्तर देऊ? उपाशी राहणार नाही, पण कंटाळाल. आणि कडक शाकाहारी असाल तर एक गोष्ट आधीच सांगते, कारण तिथे कुणी आपणहून सांगत नाही: इथली पारंपरिक चीज दूध विरजायला वासराच्या जठरातला रेनेट वापरून करतात. चालणार नसेल तर मेन्यूचा पाऊण भाग तिथेच गळतो.

चालत असेल तर 'त्रुफाद' मागवा. बटाट्याच्या चकत्या आणि 'तोम' म्हणजे न मुरलेलं ताजं चीज, तव्यावर एकत्र, तारा सुटेपर्यंत. पण बटाटे बहुतेक वेळा डुकराच्या चरबीत परततात आणि वर हॅम येतं. आधी विचारायचं. 'आलिगो' त्यापेक्षा सुरक्षित: कुस्करलेला बटाटा, लसूण, साय आणि तोम, लाकडी पळीने घोटून घोटून हातभर उंच तार काढतात. ते मूळ ओब्राकचं, पण सगळीकडे मिळतं. 'पूंती' मात्र नावाने आणि रूपाने फसवतं. पालेभाजी आणि सुके आलूबुखार घातलेला केक वाटतो, आत डुकराचं मांस असतं. माझ्या सासूबाईंच्या पानात ते एकदा आलं होतं. तो प्रसंग मी इथे लिहीत नाही.

मग उरते ती ओत-ल्वारमधल्या ल प्युई या गावची हिरवी मसूर. ज्वालामुखीच्या मातीत वाढलेली, बारीक, शिजली तरी मोडत नाही. १९९६ मध्ये तिला मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला, फ्रान्समध्ये कडधान्याला मिळालेला तो पहिला. खानावळीत तीही खारवलेल्या डुकराबरोबरच वाढतात. म्हणून स्वयंपाकघर असलेलं भाड्याचं घर घ्या, बाजारातून मसूर आणा, आणि बरोबर नेलेला गोडा मसाला घाला. तिथल्या शेजारणीने ती आमटी दोनदा मागून घेतली.

गोडात ब्लूबेरीचा टार्ट. आणि कडू आवडत असेल तर पिवळ्या जेंशियनच्या मुळाचं पेय. हे झाड फुलायलाच सात-दहा वर्षं घेतं. मुळं लांब दांड्याच्या जड काट्याने उपटतात. आपल्या किराइताच्याच कुळातलं आहे, चवीवरून लगेच पटेल. मद्य आहे, लक्षात ठेवा.

दुकानात पाच प्रकारचं चीज दिसतं. कोणतं घ्यायचं?

संरक्षित नावाची पाच: काँताल, सालेर्स, साँ-नेक्तेर, फूर्म दाँबेर आणि ब्ल्यो दोव्हेर्न्य. शेवटची दोन निळ्या बुरशीची. पहिल्यांदाच खाणार असाल तर फूर्म दाँबेर घ्या, ती सौम्य आहे.

साँ-नेक्तेरच्या सालीवर हिरवी चकती चिकटवलेली असते. लंबगोल चकती म्हणजे शेतावर केलेलं, चौकोनी म्हणजे डेअरीचं. लंबगोल घ्या.

सालेर्स वेगळं प्रकरण आहे. ते फक्त १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर, गाई गवतावर असताना, शेतावरच आणि कच्च्या दुधाचं करतात. एक चक्का चाळीस किलोच्या आसपास. दूध 'जेर्ल' नावाच्या लाकडी बादलीत काढतात आणि त्यातच विरजतात. लाकडात जंतू राहतील म्हणून युरोपीय स्वच्छतेच्या नियमांपुढे ही बादली अडचणीत आली होती. संशोधकांनी तपासलं तर लाकडावर मुरलेले चांगले जिवाणूच दूध विरजत होते आणि वाइटांना थारा देत नव्हते. आपल्या विरजणाच्या मडक्याला हे सांगायला कुणी संशोधक लागला नाही! बादली वाचली. नावाचा घोळ एवढाच की सालेर्स चीज सालेर्स गाईचंच असेल असं नाही. ते हवं असेल तर 'त्रादिस्यों सालेर्स' असं लिहिलेलं शोधा. थोडेच शेतकरी करतात.

देवळं... म्हणजे चर्चेस बघण्यासारखी आहेत का?

बाराव्या शतकातली पाच चर्चेस एकाच घराण्यातली आहेत: क्लेरमाँचं नोत्र-दाम-द्यु-पोर, ओर्सिव्हाल, साँ-नेक्तेर, साँ-सात्युर्नँ आणि इस्वार. सगळी बघायला गेलात तर तिसऱ्यानंतर डोकं गरगरतं. दोन बघा. साँ-नेक्तेरमध्ये खांबांच्या माथ्यावर कोरलेल्या गोष्टी आहेत. ओर्सिव्हाल दरीत आहे आणि तिथे मांडीवर बाळ घेऊन ताठ बसलेली मेरी आहे.

अशा बसलेल्या मेरीच्या मूर्ती ओव्हेर्न्यमध्ये खूप, आणि त्यांतल्या काही काळ्या. ल प्युईची मूळ काळी मेरी क्रांतीच्या काळात जाळली, आता आहे ती नंतरची. १५ ऑगस्टला तिची मिरवणूक निघते. काळी का, यावर तिकडे भरपूर वाद आहेत. विठोबाच्या माणसाला तो प्रश्न पडत नाही.

पण मला सगळ्यात भावली ती बेसची. तिथली व्हासिव्हिएरची मेरी हिवाळाभर गावातल्या चर्चमध्ये राहते. २ जुलैला गावकरी तिला खांद्यावर घेऊन डोंगरावरच्या चॅपेलमध्ये नेतात, आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात पुन्हा खाली आणतात. उन्हाळ्यात गुरं वर, गवळी वर, म्हणून देवीही वर. मी जुलैची चढण त्यांच्याबरोबर चालले. वाटेत थांबे होते, गाणी होती, एक आजोबा काठी टेकत सगळ्यांच्या पुढे. मला कुणी 'तू कोण' विचारलं नाही. एका बाईने फक्त माझ्या चपलांकडे बघून मान हलवली. बूट घालून जा.

ल प्युईलाही जायचं का? ते लांब पडतं.

जा. गावाच्या मधोमध ज्वालामुखीच्या नळीत थिजलेले सुळके उभे आहेत. एकावर २६८ पायऱ्या चढून गेलं की दहाव्या शतकातलं साँ-मिशेलचं चॅपेल. दुसऱ्यावर १८६० चा मेरीचा प्रचंड लालसर पुतळा, क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलला पकडलेल्या तोफा वितळवून ओतलेला. पुतळ्याच्या पोटातून जिना आहे. मला आवडला नाही, मुलांना आवडतो.

स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी जुनी पायी वाट इथून सुटते. इथला बिशप गोदेस्काल्क ९५०-५१ मध्ये त्या वाटेने गेला. आजही सकाळी कॅथिड्रलमध्ये यात्रेकरूंना आशीर्वाद देतात आणि मग ते पाठीवर पिशव्या घेऊन मोठ्या पायऱ्या उतरून चालू लागतात. वारीशी तुलना करायचा मोह होतो. पण वारी दिंडीने चालते, इथे बहुतेक जण एकेकटे.

एवढा सुंदर मुलूख, मग माणसं कुठे गेली?

पॅरिसला. चाकरमान्यांची गोष्ट कोकणाला सांगायला नको. जमीन थोडी, पोरं फार, हिवाळा लांब. एकोणिसाव्या शतकात ओव्हेर्न्यचे गडी पॅरिसला जाऊन आधी जिन्यांवरून पाणी वाहायचे, मग कोळसा. कोळशाच्या दुकानातच बायको वाइनचा पेला भरून द्यायची. त्यातून उभी राहिली कॅफे. त्या लोकांना पॅरिसवाले 'बून्या' म्हणत, कौतुकाने कमी, हिणवून जास्त. पॅरिसच्या कॅफेत बसून फोटो काढता ना? त्या कॅफेच्या मालकाचे पणजोबा बऱ्याचदा या डोंगरांतले असतात. ते आपल्याबरोबर 'काब्रेत' हे पिशवीवाद्यही घेऊन गेले. इटालियन स्थलांतरितांच्या अकॉर्डियनशी त्याची गाठ पडली आणि 'म्युझेत' नावाचं पॅरिसचं म्हणून ओळखलं जाणारं संगीत जन्माला आलं. गावाकडे अजून त्याच वाद्यावर 'बूरे' नाचतात, तीन मात्रांचा, पाय आपटत, समोरासमोर पण एकमेकांना न शिवता.

जे राहिले त्यांनी हाताला काम शोधलं. तिएर गाव सहा शतकं सुऱ्या करतंय. द्युरोल नदीच्या पाण्यावर धार लावायची चाकं फिरत आणि कारागीर त्यांच्यावर आडव्या फळीवर पालथे पडून काम करत, दिवसचे दिवस. नदीकाठी थंडी इतकी की पायांवर कुत्रा झोपवत, ऊब म्हणून. आंबेरजवळच्या घळीत रिशार द बा ही कागदाची गिरणी आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने कागद करतात, फुलांच्या पाकळ्या घालून.

आणि एक वेगळ्या प्रकारचं गाव: ओत-ल्वारच्या पठारावरचं ल शाँबों-स्युर-लिन्यों. दुसऱ्या महायुद्धात इथल्या आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी ज्यू मुलांना, माणसांना घरोघर लपवलं. १९९० मध्ये इस्रायलच्या याद व्हाशेम संस्थेने अख्ख्या गावाचा गौरव केला. याच ओव्हेर्न्यमधल्या व्हिशी या झऱ्यांच्या गावात तेव्हा जर्मनांशी हातमिळवणी केलेलं सरकार बसलं होतं. दोन्ही गावं एका दिवसात बघता येतात. मी तसं करणार नाही.

भारताशी काही जुना संबंध?

ओढूनताणून नको असेल तर एकच, पण पक्का. दहाव्या शतकात काँतालमधल्या ओरियाकच्या मठात जेर्बेर नावाचा एक हुशार पोरगा शिकला. पुढे कॅटलोनियात गेला. तिथे अरबांमार्फत पोचलेले भारतीय अंक त्याला भेटले, आणि त्याने ते मणिचौकटीवर वापरून शिकवायला सुरुवात केली, शून्य सोडून. तोच ९९९ मध्ये दुसरा सिल्व्हेस्टर या नावाने पोप झाला, पहिला फ्रेंच पोप. ओरियाकमध्ये त्याचा पुतळा आहे. शून्य का राहून गेलं, हे मी त्याच्यासमोर उभी राहून विचारलं होतं.

कसं जायचं? गाडी लागतेच का?

पॅरिसच्या बेर्सी स्थानकावरून क्लेरमाँला थेट गाडी आहे, साधारण साडेतीन तास. टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान गाडी, नाही, आणि याबद्दल तिथले लोक अखंड कुरकुरतात. क्लेरमाँहून ओरियाकची रेल्वे डोंगरांतून जाते, खिडकीशी बसा. दक्षिणेकडे गेलात तर गाराबीचा लाल लोखंडी पूल बघा: १८८४ मध्ये पूर्ण झालेला, एफेलच्या कंपनीचा, म्हणजे पॅरिसच्या मनोऱ्याच्या आधीचा. मला तो मनोऱ्याहून सरस वाटतो.

त्यापुढे मात्र गाडी लागतेच. गावोगावच्या बसवर विसंबू नका. ए-७५ महामार्गाला बहुतेक ठिकाणी टोल नाही. खेड्यातल्या पेट्रोलपंपावर माणूस नसतो, फक्त यंत्र, आणि परदेशी कार्ड कधी चालतं, कधी नाही. टाकी अर्धी झाली की भरा.

फ्रेंच येत नाही, चालेल?

चालेल, पण दुकानात शिरताना 'बाँजूर' म्हटल्याशिवाय तोंड उघडू नका. ते न म्हणता थेट विचारलंत तर उद्धट ठरता. म्हटलंत की पुढचं हातवाऱ्यांनी भागतं. दुसरं, जेवण बारा ते दोन. सव्वादोनला एका गावच्या खानावळीत पोचलो तर आचारी ओटा पुसत होता. हात जोडले, काही उपयोग नाही. शेवटी शेजारच्या बेकरीतून पाव आणि पिशवीतलं चीज, चर्चच्या पायरीवर बसून. रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी तर बेकरीचीही खात्री नाही.

किती दिवस ठेवावे?

सहा. तीन ज्वालामुखींच्या रांगेजवळ आणि बेसच्या बाजूला, दोन काँतालमध्ये, एक ल प्युईला. दोनच असतील तर जाऊ नका.

येताना काय आणावं?

मसूर. हाताने केलेला कागद. चीज तिथेच खाऊन या, सामानातल्या कपड्यांना त्याचा वास महिनाभर येतो. आणि तिएरची सुरी. ती विमानात हातातल्या बॅगेत ठेवायची नाही, हे सांगायला नको.

सुरीचं तिकडे एक आहे: कुणाला भेट दिली तर घेणाऱ्याने बदल्यात एक नाणं द्यायचं, नाहीतर मैत्री कापली जाते म्हणतात. मी भावाला दिली तेव्हा हे सांगितलं. त्याने खिसे चाचपले, सुटे नव्हते. म्हणाला, 'जीपे करू का?' शेवटी वहिनीने देवाजवळच्या डबीतून एक रुपया आणून माझ्या हातावर ठेवला.